शिसे, अँटिमनी आणि ‘अंजन’ : एका करड्या खनिजाच्या ओळखीचा इतिहास

प्रस्तावना

मैसूरहून पूर्वेच्या बाजूला पंचवीसेक किलोमीटरवर बन्नूर हे गाव आहे. भात, ऊस आणि त्याच नावाने ओळखली जाणारी मेंढ्यांची जात ही त्याची ओळख. समजा, या गावच्या बाजारात जडीबुटीच्या दुकानात तुम्ही डोळ्यांत घालायच्या अंजनाचा दगड मागितला आणि दुकानदाराने एक खडा पुढे केला. खडा शिशासारखा करडा आहे, धातूसारखा चकाकतो, आकाराच्या मानाने जड आहे आणि बोटाला काळसर भुकटी लागते. हा खडा नेमका कशाचा?

इंग्रजी अर्थ देणारा जुना कोश उघडलात तर उत्तर मिळेल, ‘अँटिमनी’. रसशास्त्र शिकलेल्या वैद्याला विचारलेत तर तो बहुधा ‘नीलांजन, म्हणजे शिशाचे सल्फाइड’ असे सांगेल. भूविज्ञानाचा विद्यार्थी तिसरीच शक्यता पुढे करील. शिसे, अँटिमनी आणि गंधक ही तिन्ही मूलद्रव्ये एकाच स्फटिकात असलेली खनिजेही निसर्गात आहेत, आणि दिसायला तीही अशीच करडी व चकाकती असतात.

एक गोष्ट मात्र आधीच सांगता येते. हा खडा बन्नूरचा नाही. त्या भागातला खडक मुख्यतः अतिप्राचीन पट्टिताश्म आहे. मैसूरच्या आसपास दोडकन्या येथे मॅग्नेसाइट आणि सिंधुवळ्ळी येथे क्रोमाइट सापडते, पण शिशाचे धातुक तिथले नव्हे. अँटिमनीच्या सल्फाइडची कर्नाटकातली नोंद चित्रदुर्गाजवळच्या पट्ट्यातली आहे. म्हणजे दगड व्यापारातून आला. व्यापारातून आलेल्या वस्तूला जे होते तेच याला झाले : वस्तू एका वाटेने आली, नाव दुसऱ्या वाटेने आले, आणि दोघांची गाठ पडली तेव्हा कोणी तपासून पाहिले नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने खनिजशास्त्रात का शिरावे, असा प्रश्न पडेल. कारण सरळ आहे. प्राचीन ग्रंथांची जी भाषांतरे आपण वापरतो त्यांत ‘अँटिमनी’ हा शब्द ठिकठिकाणी येतो आणि आपण तो पुरावा म्हणून उचलतो. तो पुरावा आहे की एकोणिसाव्या शतकातला अंदाज, हे ठरवल्याशिवाय त्यावर धातुविद्येचा किंवा व्यापाराचा इतिहास उभा करता येत नाही.

एक रंग, तीन खनिजे

प्रथम खनिजांची ओळख करून घेऊ. गॅलिना हे शिशाचे सल्फाइड. त्याचे स्फटिक घनाकार असतात आणि पाटन तीन परस्परलंब दिशांना असते. त्यामुळे हातोडीने फोडले की त्याचे लहान लहान चौकोनी ठोकळे पडतात. कठिनता सुमारे २.५, विशिष्ट गुरुत्व सुमारे ७.५. स्टिब्नाइट हे अँटिमनीचे सल्फाइड. त्याचे स्फटिक लांब, सुईसारखे, अंगावर उभ्या रेघा असलेले. कठिनता २, विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.६, आणि ते इतके सहज वितळते की पातळ कपची मेणबत्तीच्या ज्योतीतही वितळते. दोघांचाही रंग शिशासारखा करडा, चमक धातूसारखी, कसही करडाच.

या दोघांच्या मधे बूलँजेराइट, जेमसोनाइट, झिंकेनाइट, सेमसेयाइट, जिओक्रोनाइट अशी खनिजांची एक मोठी मालिका आहे. भूविज्ञानात त्यांना सल्फोसॉल्ट म्हणतात. बूलँजेराइटच्या सूत्रात शिशाचे पाच, अँटिमनीचे चार आणि गंधकाचे अकरा अणू असतात. जेमसोनाइटमध्ये शिसे आणि अँटिमनीबरोबर थोडे लोहही असते. दोन्ही खनिजे पुष्कळदा केसासारख्या तंतूंच्या रूपात आढळतात. जर्मन खाणकामगार अशा तंतुमय पुंजक्यांना ‘पिसांचे धातुक’ म्हणत, आणि ज्याने असा नमुना पाहिला असेल त्याला ते नाव लगेच पटेल. बूलँजेराइटचे तंतू वाकतात, जेमसोनाइटचे मोडतात, असा एक व्यवहारी नियम संग्राहक सांगतात. प्रयोगशाळेत तो दर वेळी टिकतोच असे नाही.

बूलँजेराइटचे विशिष्ट गुरुत्व ६ च्या किंचित वर आहे, म्हणजे गॅलिना आणि स्टिब्नाइट यांच्या मधोमध. अखंड, शुद्ध खडा हाती असेल तर ग्लासभर पाणी आणि तराजू एवढ्यावर यांतला फरक कळू शकतो. पण सुरमा विकला जातो तो खलून, वस्त्रगाळ करून. भुकटी झाल्यावर स्फटिकाचा आकार गेला, पाटन गेले, तंतू गेले. उरतो तो फक्त रंग, आणि रंग तिघांचा एकच.

मैसूरची पोथी

बन्नूरहून पुन्हा मैसूरला येऊ. तिथल्या ओरिएंटल लायब्ररीत १९०५ साली तंजावर भागातल्या एका पंडिताने आणून दिलेली ताडपत्राची पोथी ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या हाती पडली. ती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची होती. १९०९ मध्ये त्यांनी संहिता छापली आणि १९१५ मध्ये तिचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे मुंबईच्या र. पं. कंगले यांनी संहितेची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड तयार केले. आज कोणत्याही विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवले जाते ते बव्हंशी या दोघांच्या खांद्यावर उभे राहून.

या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात खाणींच्या अध्यक्षाचे, म्हणजे आकराध्यक्षाचे, प्रकरण आहे. त्यात सोने, रुपे, तांबे, शिसे, कथील, लोह यांची धातुके ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. खुणा अर्थातच इंद्रियांच्या आहेत. रंग कशासारखा, रेघा किंवा ठिपके आहेत का, फोडल्यावर आत काय दिसते, वास कसा, तापवल्यावर काय होते. शिशाच्या धातुकाला कावळ्यासारखा किंवा पारव्यासारखा रंग, त्यावर पांढऱ्या रेघा आणि कच्च्या मांसासारखा वास सांगितला आहे.

रुप्याच्या धातुकाचे वर्णन आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. ते मऊ असते, तापवले असता फुटत नाही, त्याला पुष्कळ फेस आणि धूर येतो, आणि ते शिशासह किंवा अंजनासह असू शकते, असे ग्रंथकार सांगतो. एकाच यादीत ‘शिशासह’ आणि ‘अंजनासह’ असे दोन वेगळे शब्द आले आहेत.

इथे मोह होतो. अँटिमनी असलेले धातुक भाजले की दाट पांढरा धूर निघतो, आणि चांदी तर अशाच मिश्र सल्फाइडांत मिळते. तेव्हा कौटिल्याला शिसे-अँटिमनीचे संयुक्त खनिज माहीत होते, असे म्हणून टाकावे का? माझे मत, मुळीच नाही. या वाक्यावरून एवढेच सिद्ध होते की हा मजकूर लिहिणाऱ्याच्या दृष्टीने अंजन आणि शिसे या एक वस्तू नव्हत्या. शिसे हा ओतता येणारा धातू आणि अंजन हा खलायचा चकाकता काळा दगड, एवढाच भेद त्याच्या मनात असू शकेल. गॅलिनापासून शिसे निघते हे भट्टीवाल्याला माहीत असूनही दगडाला एक आणि धातूला दुसरे नाव असणे अगदी स्वाभाविक आहे. या ठिकाणच्या ‘अंजन’ शब्दाचे भाषांतर सर्वांनी एकसारखे केलेले नाही, हेही विद्यार्थ्यांनी दोन-तीन भाषांतरे शेजारी ठेवून पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे आणि डोळ्यांत अंजन घालणारे आहे.

भडोचच्या बंदरातली यादी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत बॅरिगाझा, म्हणजे आजचे भडोच, येथे उतरणाऱ्या मालाची यादी आहे. मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काचेचा कच्चा माल, मनशीळ, रोमन नाणी आणि ‘स्टिमी’. दक्षिणेकडच्या मुझिरिस बंदराच्या यादीतही स्टिमी आहे आणि शिसेही आहे. याच ग्रंथात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, या बाजारपेठांचा उल्लेख आहे. तेव्हा परदेशी स्टिमी दख्खनच्या पठारावर चढले असणे सहज शक्य आहे.

पेरिप्लसचे भाषांतर करणारे बहुतेक जण ‘स्टिमी’च्या जागी अँटिमनी लिहितात. अँटिमनीचे लॅटिन नाव स्टिबियम याच शब्दावरून आले, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण त्या काळचे लोक स्टिमी कशाला म्हणत होते? याचे सर्वांत चांगले उत्तर इसवी सन ७९ मध्ये मरण पावलेल्या प्लिनीकडे मिळते. तो सांगतो, हा दगड रुप्याच्या खाणीत सापडतो. त्याचे नर आणि मादी असे दोन प्रकार. नर खरबरीत, वजनाने हलका, कमी चमकणारा. मादी चमकदार, ठिसूळ आणि भेगांवरून सुटत जाणारी. मग तो एक इशारा देतो : भाजताना जपा, जास्त भाजले तर याचे शिसे होते. त्याच काळातला वैद्य डायोस्कोरिडीझ हाही असेच सांगतो.

या इशाऱ्याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. एक, त्यांच्या हातातल्या दगडात खरोखरच शिसे होते. तो गॅलिना असेल किंवा शिसे आणि अँटिमनी यांचे मिश्र धातुक असेल. कोळशाच्या आचेत त्यातून शिशाचा थेंब गळला. दुसरा अर्थ असा, की थेंब अँटिमनीचाच होता, पण त्या धातूला रोमन जगात वेगळे नाव नव्हते, म्हणून करडा, जड, सहज वितळणारा जो धातू दिसला त्याला त्यांनी शिसे म्हटले. प्लिनीने मादीला नरापेक्षा जड आणि भेगांवरून सुटणारी म्हटले आहे, त्यामुळे माझा कल पहिल्या अर्थाकडे आहे. पण दुसरा अर्थही टाकाऊ नाही. दोन्ही शक्य आहेत एवढे मान्य केले तरी पेरिप्लसमधल्या स्टिमीपुढे डोळे मिटून ‘अँटिमनी’ लिहिता येत नाही.

इजिप्तच्या थडग्यांत सापडलेल्या नेत्रांजनांचे पृथक्करण एकोणिसाव्या शतकापासून होत आले आहे. त्यांत बहुसंख्य काळे नमुने गॅलिनाचे निघाले, अँटिमनीचे अगदी क्वचित. १९९९ साली लूव्र संग्रहालयातील डब्यांमधल्या भुकटीचा क्ष-किरणांनी अभ्यास झाला, तेव्हा त्यांत गॅलिनाबरोबर शिशाची कृत्रिमरीत्या तयार केलेली संयुगेही आढळली.

रसग्रंथांतील पाच अंजने

‘अंजन’ हा शब्द मुळात वस्तूचा नसून क्रियेचा आहे. माखणे, लावणे या अर्थाच्या धातूपासून तो आला. म्हणून त्याच्या पोटात काहीही मावते. तेराव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा रसरत्नसमुच्चय हा ग्रंथ पाच अंजने सांगतो : सौवीरांजन, रसांजन, स्रोतोंजन, पुष्पांजन आणि नीलांजन. यांपैकी रसांजन म्हणून वैद्य जे वापरतात ते दारुहळदीच्या काढ्यापासून करतात. म्हणजे ते खनिजच नव्हे. पुष्पांजन हे बहुधा जस्ताचे पांढरे भस्म. आपल्या घरी दिव्यावर धरतात ते काजळ म्हणजे शुद्ध काजळी. तीही अंजनच.

स्रोतोंजनाचे वर्णन मला विशेष आवडते, कारण त्यात एक खरी चाचणी आहे. त्याचा आकार वारुळाच्या शेंड्यासारखा, फोडल्यावर आत निळ्या कमळाची झाक, आणि घासल्यावर रंग गेरूसारखा, असे ग्रंथकार सांगतो. घासून पाहणे ही आजच्या खनिजशास्त्रातली कसाची परीक्षा आहे. आणि गेरूसारखा कस ना स्टिब्नाइटचा, ना गॅलिनाचा, ना बूलँजेराइटचा. तिघांचाही कस करडा किंवा काळसर असतो. तांबूस कसाचे नाव घेतले की भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे खनिज, आठवेल. तरीही कोशांत स्रोतोंजनाचा अर्थ ‘अँटिमनी’ असा दिलेला आढळतो. ग्रंथकाराने सांगितलेली परीक्षा कोशकाराने केली नाही, एवढाच याचा अर्थ.

नीलांजनाला मात्र जड आणि स्निग्ध म्हटले आहे. आज रसशास्त्राचे पुष्कळ अध्यापक नीलांजन म्हणजे गॅलिना असे मानतात ते वजनाच्या खुणेशी जुळते. पण ‘जड’ हा एकच शब्द गॅलिना आणि सल्फोसॉल्ट यांच्यातला भेद करायला पुरेसा नाही, हेही लक्षात ठेवावे.

कोशांनी घातलेला घोळ

मोनियर-विल्यम्स यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८७२ मध्ये आला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८९९ मध्ये. त्यात ‘अंजन’ या शब्दाच्या अर्थांत दिव्याची काजळी आणि अँटिमनी शेजारी शेजारी आहेत. हे कोठून आले? युरोपात अरबी वैद्यकग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली तेव्हा डोळ्यांत घालायच्या दगडाच्या अरबी नावासाठी स्टिबियम किंवा अँटिमनी हे शब्द रूढ झाले. (त्याच अरबी ‘अल-कुह्ल’पासून इंग्रजीत ‘अल्कोहोल’ आला. प्रथम अर्थ वस्त्रगाळ भुकटी, मग कोणत्याही पदार्थाचा अर्क, आणि शेवटी मद्यार्क. शब्द किती लांब भटकतात याचा हा एक नमुना.) युरोपीय कोशकार भारतात आले ते हे समीकरण डोक्यात घेऊन. सुरमा पाहिला, अँटिमनी लिहिले.

त्याच ब्रिटिश काळातल्या भूवैज्ञानिकांनी आणि आर्थिक उत्पादनांच्या नोंदी करणाऱ्यांनी मात्र भारतीय बाजारातला सुरमा तपासला आणि त्यातला बराचसा गॅलिना आहे असे लिहून ठेवले. खरी अँटिमनी लाहौलमधल्या बडा शिग्री हिमनदीच्या परिसरात मिळते हेही तेव्हा माहीत झाले होते. पण भूवैज्ञानिकाचा अहवाल एका कपाटात आणि संस्कृत कोश दुसऱ्या कपाटात. इतिहासकाराने दुसरे कपाट उघडले.

परिणाम पुरातत्त्वातही दिसतो. दख्खनमधल्या उत्खननांचे अहवाल चाळा. तांब्याच्या बारीक, टोकाला गोलसर असलेल्या अंजनशलाकांना इंग्रजी अहवालांत सर्रास ‘अँटिमनी रॉड’ म्हणतात. शलाका तांब्याची, आणि तिच्यावर अँटिमनीचा कणही कोणी तपासून दाखवलेला नसतो. पण नाव छापले गेले की पुढचा लेखक त्यावरून ‘या वसाहतीत अँटिमनी वापरली जाई’ असे विधान करतो. असे विधान कोणत्याही उत्तरपत्रिकेत लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी अहवालाच्या शेवटी रासायनिक पृथक्करणाचे परिशिष्ट आहे का ते पाहावे.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. गॅलिनाची भुकटी म्हणजे शिसे. लहान मुलांच्या डोळ्यांत घातलेला सुरमा हाताला लागतो, हातावाटे तोंडात जातो. रक्तातल्या शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. शिशामुळे सर्वाधिक नुकसान होते ते वाढत्या मेंदूचे. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास आपल्याकडे नियमाने मनाई आहे. ‘ही तर अँटिमनी, ग्रंथात सांगितलेली’ असे म्हणून जो खडा घरात येतो तो प्रत्यक्षात शिशाचा असू शकतो, आणि या गैरसमजाला वर सांगितलेल्या कोशांचा हातभार लागला आहे. अँटिमनीही निरुपद्रवी नाही, हे वेगळे सांगायला नको.

फुंकनळीचे शतक

मग ही खनिजे एकमेकांपासून वेगळी ओळखली कधी गेली? अठराव्या शतकात स्वीडनच्या खाणअधिकाऱ्यांनी सोनाराची फुंकनळी प्रयोगशाळेत आणली. बर्झेलियस यांनी १८२० मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. कोळशाच्या तुकड्यावर खनिजाची चिमूट ठेवायची, ज्योत फुंकून तिच्यावर रोखायची, आणि कोळशावर कसला लेप बसतो ते पाहायचे. शिशाचा लेप पिवळा आणि जवळ बसतो, अँटिमनीचा पांढरा आणि लांब पसरतो. एकाच खड्यापासून दोन्ही लेप बसले तर त्यात दोन्ही धातू आहेत. डोळ्यांना जो भेद हजारो वर्षे दिसला नव्हता तो कोळशाच्या एका ठिपक्यावर दिसू लागला.

त्यानंतर नावांची रांगच लागली. १८२५ मध्ये हायडिंगर यांनी एडिंबरोचे प्राध्यापक रॉबर्ट जेमसन यांचे नाव एका खनिजाला दिले. १८२६ मध्ये गुस्ताव रोझे यांनी झिंकेनाइट वेगळे काढले. फ्रेंच खाण-अभियंता शार्ल बूलँजे यांनी १८३५ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एका नमुन्याचे पृथक्करण केले आणि दोनच वर्षांनी थाउलोव्ह यांनी त्या खनिजाला बूलँजेराइट असे नाव दिले. बूलँजे १८४९ मध्ये वारले, चाळिशीही गाठली नाही.

१८३९ मध्ये स्वीडनमधल्या साला येथील खनिजाला स्वानबर्ग यांनी जिओक्रोनाइट म्हटले. हे नाव जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ‘गे’ म्हणजे पृथ्वी आणि ‘क्रोनॉस’ म्हणजे शनी. किमयागारांच्या सांकेतिक भाषेत पृथ्वी ही अँटिमनीची खूण आणि शनी ही शिशाची. लव्हॉयझिए यांनी मूलद्रव्यांची यादी देऊन पन्नास वर्षे झाली होती, तरी नवे खनिज ओळखणाऱ्या रसायनज्ञाला नावासाठी किमयाच आठवली.

दरिबाची खाण

आता भारतातले उदाहरण. राजस्थानात उदयपूरच्या ईशान्येला राजपुरा-दरिबा हा शिसे-जस्ताचा पट्टा आहे. आज तिथे हिंदुस्थान झिंक कंपनीची खाण चालते. पण तिथले खोदकाम फार जुने आहे. जुन्या खाणकामातल्या लाकडी आधारांचे कार्बन-१४ कालमापन काही कामे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात नेते. मौर्यकाळातल्या आहत नाण्यांना लागणारी चांदी अशाच खाणींतून आली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पुरावा अप्रत्यक्ष आहे, पण अर्थशास्त्रातले आकराध्यक्षाचे प्रकरण वाचताना ही खाण डोळ्यांसमोर ठेवावी.

प्राचीन खाणकामगार इथे शिशामागे नव्हते, चांदीमागे होते. धातुक भाजून, वितळवून चांदीमिश्रित शिसे मिळवायचे. मग ते उघड्या मुशीत हवेच्या झोतात तापवायचे. शिशाचे ऑक्साइड, म्हणजे बाजारात ज्याला मुरदाडशिंग म्हणतात ते, होऊन वेगळे होते आणि तळाशी चांदीची गोळी उरते. धातुकात अँटिमनी असेल तर ती यातल्या पहिल्या पायऱ्यांवरच बरीचशी पांढऱ्या धुरात उडून जाते, उरलेली मळीत जाते. अँटिमनीचा कोणाला उपयोग नव्हता, म्हणून तिला नावही नव्हते.

महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांना सातवाहनांची शिशाची नाणी आठवतील. त्यांतले शिसे कोठले, देशी की भडोचला उतरलेले, हा जुना प्रश्न आहे. शिशाच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून खाण ओळखण्याची पद्धत त्यासाठी वापरली जाते. मात्र नाणी पुन्हा वितळवून केलेली असली तर दोन खाणींचे शिसे एकत्र होते आणि उत्तर धूसर होते.

१९७० आणि ८० च्या दशकांत दरिबाच्या धातुकाचे तपशीलवार संशोधन खरगपूरच्या आयआयटीतील अशोक मुखर्जी आणि त्यांचे सहकारी यांनी मॉस्कोच्या खनिजशास्त्रज्ञांबरोबर केले. त्यांना जिओक्रोनाइटसारखे सल्फोसॉल्ट मिळाले, शिवाय जगात कोठेही नोंद नसलेले एक खनिजही मिळाले. त्याचा रंग शिशासारखा करडा, चमक धातूसारखी, आणि घटक शिसे, अँटिमनी व गंधक, जोडीला थोडी चांदी आणि थॅलियम. १९८३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले भूविज्ञानाचे प्राध्यापक संतोषकुमार राय यांच्या स्मरणार्थ त्याला रायाइट हे नाव मिळाले.

रायाइट फुंकनळीने ओळखता आले नसते. त्याचे कण गॅलिना आणि इतर सल्फोसॉल्ट यांच्यात गुंतलेले असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठावरच दिसतात. त्यासाठी लागला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मशोधक, ज्याची कल्पना रेमोंद कास्तँ यांनी पॅरिसच्या आपल्या १९५१ च्या प्रबंधात मांडली. इलेक्ट्रॉनांचा अत्यंत बारीक झोत खनिजाच्या ठिपक्यावर पाडायचा आणि त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून तेवढ्याच ठिपक्यातली मूलद्रव्ये मोजायची.

दरिबाच्या जुन्या भट्टीवाल्यांच्या मुशीत हे कण गेलेच असणार. त्यांतली चांदी गोळीत उतरली, शिसे मुरदाडशिंगात गेले, थॅलियम आणि अँटिमनी बहुतांशी धुरावाटे उडाली. तो धूर हुंगणाऱ्या माणसांची नावे कोठेही नाहीत. अर्थशास्त्राच्या खुणांत मात्र एक खूण त्यांच्या अनुभवातून आलेली वाटते : तापवल्यावर पुष्कळ फेस आणि पुष्कळ धूर.